शेवाळाचे इंधन आणि मुंबईचे मैलापाणी

शेवाळापासून इंधन तयार करण्याच्या कल्पनेचा सारा डोलारा तीन विधानांवर उभा आहे. शेवाळ कोणत्याही तेलबियांच्या पिकापेक्षा वेगाने वाढते, त्याला सुपीक शेतजमीन लागत नाही आणि वाढताना ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. ही तिन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांची बेरीज केली म्हणजे पर्यावरणाला परवडणारे इंधन हाती येते असे मात्र नाही, कारण इंधनाची गुणवत्ता केवळ त्या सजीवाच्या गुणांवर ठरत नसून त्याला वाढवण्यासाठी, पाण्यातून वेगळे काढण्यासाठी आणि त्यातील तेल किंवा वायू मिळवण्यासाठी जी यंत्रणा उभारावी लागते तिच्यावर ठरते. तळ्यात पाणी कोठून येणार, खत कोठून येणार, ते पाणी ढवळणारी वीज कशापासून तयार झालेली असणार आणि तेल काढून घेतल्यावर उरलेला चोथा कोठे जाणार, या प्रश्नांचा आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र हिशोब मांडण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यांकन असे म्हणतात. असा हिशोब कोणत्याही गावासाठी मांडता येतो. पण ऊन भरपूर, मैलापाणी अमाप, तेलशुद्धीकरण कारखाने हाकेच्या अंतरावर आणि जमीन मात्र जवळजवळ शून्य, अशी परिस्थिती असलेल्या मुंबईत तो मांडला असता या इंधनाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दोन्ही फार स्पष्ट दिसतात.

शैवाल ही संज्ञा एका कुळाची नाही. समुद्रकिनाऱ्यावरील खडकांना चिकटलेल्या हातभर लांब पट्ट्यांपासून ते सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणाऱ्या एकपेशीय सजीवांपर्यंत, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणाऱ्या पण खरी मुळे, खोड व पाने नसलेल्या अनेक गटांना मिळून हे नाव दिले जाते. नील-हरित शैवाल तर वास्तविक जीवाणूच होत. इंधनासाठी प्रामुख्याने सूक्ष्म शैवालांचा विचार होतो, कारण त्यांच्या काही जातींच्या पेशींत वजनाच्या पाव हिश्शाएवढे, क्वचित त्याहूनही अधिक, तेल साठलेले असते आणि ते रासायनिक प्रक्रियेने डिझेलसारख्या इंधनात बदलता येते. ऊस किंवा मका यांसारख्या खाद्यपिकांपासून केलेले इंधन पहिल्या पिढीचे, पेंढा व पाचट यांसारख्या अवशेषांपासून केलेले दुसऱ्या पिढीचे आणि शैवालापासून केलेले तिसऱ्या पिढीचे, अशी विभागणी सर्वत्र रूढ आहे. भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही तिसऱ्या पिढीच्या इंधनाला स्थान दिलेले आहे.

मुंबईला या सजीवांच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. डेन्मार्कचे शैवालतज्ज्ञ बोर्गेसन यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरील सागरी शैवालांची यादी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली, तर फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम करणाऱ्या एला गोन्साल्विस यांनी वांद्र्याच्या एका तळ्यात ऋतुमानाप्रमाणे कोणती शैवाले येतात व जातात याचा अभ्यास करून तो १९४६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला आणि वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांतील शैवालांचीही नोंद केली. इंधनाचा विचार या अभ्यासात कोठेही नव्हता. तथापि एकाच तळ्यात वर्षभर एकच जात टिकत नाही, एक ओसरते आणि दुसरी तिची जागा घेते, हे जे त्यातून दिसते तेच पुढे इंधनासाठी एका निवडक जातीचे उघडे तळे राखू पाहणाऱ्या अभियंत्यांना फार महागात पडले. अलीकडच्या काळात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी पवई तलावातून वेगळ्या केलेल्या एका नील-हरित शैवालाचे वर्णन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले असून, अनुकूल परिस्थितीत त्याची संख्या सुमारे २.३ तासांत दुप्पट होते. वाढीचा वेग हा शैवालाचा प्रश्न कधीच नव्हता, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

प्रयत्नही कमी झालेले नाहीत. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ अशी अठरा वर्षे या विषयावर सरकारी कार्यक्रम चालवला आणि खनिज तेल स्वस्त असताना हे इंधन त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही असे दिसल्यावर तो बंद केला. २००८ च्या सुमारास तेलाचे भाव कडाडले तेव्हा खासगी भांडवल या क्षेत्रात धावून आले. एक्सॉनमोबिल कंपनीने २००९ मध्ये मोठा गाजावाजा करून आपला कार्यक्रम सुरू केला आणि २०२३ पर्यंत ती त्यातून बाहेर पडली. भारतात भावनगरच्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने शैवालापासून केलेल्या डिझेलच्या मिश्रणावर २०१२ मध्ये मोटार चालवून दाखवली, तर नरिमन पॉइंटला मुख्य कार्यालय असलेल्या रिलायन्सने फ्लोरिडाच्या अल्जेनॉल कंपनीच्या तंत्राचा प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ उभा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस अल्जेनॉलचे संस्थापक पायउतार झाले आणि कंपनीचा रोख इंधनापासून दूर वळला. माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या ऊर्जा जैवविज्ञान केंद्राचे उदाहरण याहून बोलके आहे. या केंद्रातून प्रत्यक्ष प्रात्यक्षिक कारखान्यापर्यंत, म्हणजे उत्तराखंडातील काशीपूरपर्यंत, पोचलेले ठळक तंत्र २०१६ चे आहे आणि ते शैवालाचे नसून शेतातील अवशेषांपासून इथेनॉल करण्याचे आहे. पेंढा वाळलेला मिळतो, शेवाळ पाण्यात मिळते, हा त्यातील मूलभूत फरक होय.

आता प्रत्यक्ष हिशोबाकडे वळता येईल. मुंबईत वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर दिवसाला सुमारे ५ युनिट, म्हणजे १८ मेगाज्यूल, सौर ऊर्जा पडते. चांगल्या रीतीने राखलेल्या उघड्या तळ्यात तेवढ्याच जागेत दिवसाला २० ग्रॅम कोरडे शेवाळ तयार होते असे धरले (आणि वर्षभराची सरासरी म्हणून हा आकडा उदारच आहे) तर त्यात साठलेली ऊर्जा जेमतेम ०.४४ मेगाज्यूल भरते. याचा अर्थ पडलेल्या उन्हापैकी अडीच टक्क्यांहून कमी ऊर्जा पेशीत उतरली. त्याच जागेवरील सौरपट सुमारे २० टक्के उन्हाचे विजेत रूपांतर करतो, आणि ती वीज मोटारीत वापरताना होणारा तोटा इंजिनात तेल जाळताना होणाऱ्या तोट्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. शैवालाची खरी बरोबरी पिकांशी आहे व तेथे ते निश्चितपणे सरस ठरते: वरील वेगाने आणि पाव हिस्सा तेल धरून हेक्टरी वर्षाला सुमारे १८ टन तेल निघेल, तर उत्तम तेलताडापासून साधारण ४ टन निघते. मोगली एरंडाच्या लागवडीवर या देशात एकेकाळी जेवढा भरवसा ठेवला गेला त्यापेक्षा शैवालाचा दावा नक्कीच अधिक शास्त्रशुद्ध आहे.

तथापि सरस याचा अर्थ पुरेसे असा होत नाही. परळ, लालबाग, शिवडी, वरळी या गिरणगावाच्या पट्ट्यासह शहरातील एकूण ५८ गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर मानली जाते. १९८२ च्या संपानंतर या जमिनीवर उंच मनोरे, मॉल आणि कार्यालये उभी राहिली. त्याऐवजी ती सारीच्या सारी शेवाळाच्या तळ्यांखाली गेली असती तर तिच्यातून दिवसाला सुमारे ४८ टन शेवाळ आणि १२ टन तेल निघाले असते. माहुलमधील भारत पेट्रोलियमच्या कारखान्याची वार्षिक क्षमता १२० लाख टन आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या कारखान्याची ९५ लाख टन आहे, म्हणजे दोन्ही मिळून दिवसाला सुमारे ५९ हजार टन खनिज तेल शुद्ध करतात. अवघ्या गिरणगावाचे तेल या दोन कारखान्यांना अर्ध्या मिनिटालाही पुरले नसते.

जमिनीनंतर पाणी. तळ्यातील शेवाळ हिरवेगार दिसले तरी फार विरळ असते. एका लिटरमागे अर्धा ग्रॅम ही नेहमीची दाटी होय. त्यामुळे एक टन कोरडे शेवाळ हाती येण्यासाठी सुमारे वीस लाख लिटर पाणी हलवावे, गाळावे आणि पुन्हा तळ्यात सोडावे लागते. प्रथम पेशी एकमेकींना चिकटून गोळा व्हाव्यात यासाठी तुरटीसारखे द्रव्य घालतात, मग हवेच्या बुडबुड्यांनी तो साका वर तरंगवतात आणि शेवटी वेगाने फिरणाऱ्या यंत्रात उरलेले पाणी काढतात. एवढे सोपस्कार करून जो लगदा मिळतो त्यातही पाचांत चार भाग पाणीच असते. तो उष्णतेने वाळवायचा म्हटले तर एक किलो शेवाळामागे चार किलो पाण्याची वाफ करावी लागते आणि त्यासाठी किमान १० मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते, म्हणजे शेवाळात असलेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो प्रकार येथे अक्षरशः घडतो, कारण तेल काढण्याचा, पाणी ढवळण्याचा आणि खताचा खर्च अजून धरायचाच आहे. यावर उपाय म्हणून लगदा न वाळवता तो ३०० ते ३५० अंश सेल्सिअस तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली शिजवून त्यापासून थेट कच्च्या तेलासारखा द्रव मिळवण्याचे तंत्र विकसित झाले आहे. त्यामुळे वाळवण्याची ऊर्जा वाचते; पण एवढा दाब सोसणारी पात्रे महाग असतात व तयार होणाऱ्या द्रवात नत्राचे प्रमाण जास्त राहिल्याने तो पुढे शुद्ध करावा लागतो.

उघड्या तळ्यातून पाणी उडूनही जाते. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर एका चौरस मीटरमधून ५ लिटर पाणी उडते आणि तेवढ्याच जागेतून ५ ग्रॅम तेल मिळते. म्हणजे एक किलो तेलामागे हजार लिटर पाणी हवेत जाते. धरणांतून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून पिण्याचे पाणी आणणाऱ्या शहराने असे पाणी तळ्यांना द्यावे ही कल्पनाही कोणी करणार नाही. समुद्राचे किंवा खाडीचे पाणी वापरता येते. मात्र बाष्पीभवनाने त्याची क्षारता सतत चढत जाते आणि ती मर्यादेत ठेवण्यासाठी पुन्हा काही गोडे पाणी घालावे किंवा खारे पाणी बाहेर सोडावे लागते.

उलट पावसाळ्यातील चार महिने अडचण नेमकी विरुद्ध दिशेने येते. प्रकाश तळापर्यंत पोचावा म्हणून ही तळी जेमतेम ३० सेंटिमीटर खोल ठेवतात, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, म्हणजे अशा तळ्याच्या खोलीच्या तिपटीहून अधिक. असा पाऊस शेवाळ पातळ करतो, तळे ओसंडून त्यातील खत व पेशी नाल्यात नेतो आणि ढगांमुळे प्रकाश कमी झाल्याने वाढही मंदावते. हिंदमाताच्या सखल भागात दर पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून ज्या शहरात महापालिकेला जमिनीखाली टाक्या बांधाव्या लागल्या त्या शहरात उथळ तळ्यांचे विस्तीर्ण शेत कोणत्या नाल्यात ओसंडेल, हा प्रश्न परदेशातील वाळवंटी प्रकल्पांच्या कागदपत्रांत येत नाही. बंद काचनळ्यांत किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत शेवाळ वाढवले तर पावसाचा आणि बाष्पीभवनाचा प्रश्न सुटतो. परंतु नळ्या थंड ठेवणे, त्यांत पाणी खेळवणे आणि मुळात त्या तयार करणे यांवर होणारा ऊर्जेचा खर्च एवढा वाढतो की इंधनापुरता तो मार्ग आज निरुपयोगी आहे. औषधी गोळ्या, खाद्यरंग यांसारख्या महाग मालासाठी तो चालतो.

सर्वांत कमी चर्चा होते ती खताची, आणि या विषयाचे खरे मर्म तेथेच आहे. कोरड्या शेवाळाच्या वजनापैकी साधारण ७ टक्के नत्र आणि १ टक्का स्फुरद असतो, म्हणजे एका टनामागे सुमारे ७० किलो नत्र लागते. इंधनात नत्राचे काहीच काम नसते. ते पेशीतील प्रथिनांत अडकते आणि चोथ्याबरोबर निघून जाते. नत्र युरियाच्या रूपाने दिले तर तो युरिया चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्ससारख्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून तयार होतो, म्हणजे खनिज इंधनाला पर्याय म्हणून पिकवलेले शेवाळ आधी खनिज इंधनच खाते. स्फुरदाचे तर खनिज साठेच मर्यादित असून भारताला तो मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ऑक्टोबर २०१२ मध्ये सादर केलेल्या अहवालात याचे मोजमाप आहे: त्या देशाच्या वाहतुकीला लागणाऱ्या इंधनापैकी अवघे ५ टक्के, म्हणजे सुमारे ३९ अब्ज लिटर, इंधन शेवाळापासून मिळवायचे ठरवले आणि पोषकद्रव्यांचा पुनर्वापर केला नाही, तर ६० लाख ते दीड कोटी टन नत्र आणि १० ते २० लाख टन स्फुरद लागेल. नत्राचा हा आकडा त्या देशाच्या एकूण वापराच्या ४४ ते १०७ टक्के भरतो. परिषदेने हे इंधन अशक्य ठरवले नाही, परंतु तत्कालीन तंत्राने ते मोठ्या प्रमाणावर करणे टिकाऊ ठरणार नाही असा स्पष्ट निष्कर्ष काढला. त्याआधी २०१० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या जीवनचक्र मूल्यांकनातही ऊर्जा, पाणी आणि हरितगृह वायू या तिन्ही बाबतींत शेवाळ मका व मोहरीवर्गीय पिकांपेक्षा मागे पडले होते. खतांऐवजी मैलापाणी वापरले तर मात्र हे चित्र पालटू शकते, असेही त्याच अभ्यासात दिसले.

मैल्यापासून इंधन ही मुंबईला नवी गोष्ट नाही. लालबागच्या गॅस कंपनीत दगडी कोळशापासून केलेला वायू शहराचे दिवे पेटवत होता त्याच काळात, १८९७ मध्ये, माटुंग्याच्या कुष्ठधामात मैला बंद टाकीत कुजवून मिळालेला वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला, आणि जगात अशा वापराचे हे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून नोंदले जाते. पुढे १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात दादरच्या मैला शुद्धीकरण केंद्रात गाळ कुजवून निघणाऱ्या वायूवर काम झाले, आणि देशातील गोबरगॅसच्या संशोधनाचा इतिहास सांगताना दादरचा उल्लेख आजही होतो. शेवाळाची या परंपरेशी सांगड घातली ती कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ओस्वाल्ड यांनी. मैल्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात तो मोठ्या पंख्यांनी पाण्यात फुंकावा लागतो आणि विजेचा सर्वांत मोठा खर्च त्यावरच होतो. उथळ तळ्यात शेवाळ वाढू दिले तर ते उन्हात प्राणवायू सोडते, जीवाणू तो घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो पुन्हा शेवाळ घेते, आणि शेवटी पाण्यातील नत्र-स्फुरद शेवाळाच्या पेशींत बांधले जाऊन पाणी स्वच्छ होते. ओस्वाल्ड आणि त्यांचे सहकारी गोलुएके यांनी १९६० मध्ये असे शेवाळ कुजवून त्याचा मिथेन वापरण्याची पूर्ण योजनाच मांडली होती. वाळवणे नाही, तेल काढणे नाही. ओला लगदा तसाच टाकीत जातो, आणि कुजून उरलेल्या गाळात नत्र-स्फुरद शिल्लक राहतात.

या योजनेला मुंबईचे आकडे लावून पाहणे उद्बोधक आहे. बृहन्मुंबई महानगरपालिकेने वरळीपासून मालाड-भांडुपपर्यंत सात मलजल शुद्धीकरण केंद्रांची योजना आखली असून त्यांची एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. आजवर वरळी आणि वांद्रे येथील मैलापाणी जुजबी प्रक्रियेनंतर तीन किलोमीटरांहून लांब नळांतून समुद्रात सोडले जात आले आहे. एका लिटरमध्ये ४० मिलिग्रॅम नत्र हे सांडपाण्याचे साधारण प्रमाण धरले तर या पाण्यातून दिवसाला सुमारे १०० टन नत्र वाहते आणि त्यावर १,४०० टन शेवाळ पोसले जाऊ शकते. एक पैशाचेही खत विकत न घेता एवढे पीक येणार, ही जमेची बाजू. परंतु दिवसाला एवढे शेवाळ पिकवायला सुमारे ७० चौरस किलोमीटर तळी लागतील, आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मूळ मुंबई शहराचे क्षेत्रफळच जवळपास तेवढे आहे. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग पाण्याखाली घातल्यावर जे तेल मिळेल ते दिवसाला साडेतीनशे टन, म्हणजे माहुलच्या दोन कारखान्यांच्या कामाच्या एक टक्क्याहूनही कमी. शिवाय साडेतीनशे हा आकडाही फुगलेला आहे, कारण पेशीत तेल साठते ते नत्राची उपासमार झाली की. मैलापाण्यात नत्र मुबलक असल्याने शेवाळ जोमाने वाढते आणि तेल मात्र कमी धरते. या सातांखेरीज असलेले कुलाब्याचे केंद्र त्या सर्वांहून लहान, ३७ दशलक्ष लिटरचे. तेवढ्यासाठीही शंभराहून अधिक हेक्टर, म्हणजे शिवाजी पार्कएवढी नऊ मैदाने लागतील.

कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीतही भाबडेपणा टाळला पाहिजे. एक टन शेवाळ वाढताना सुमारे १.८ टन कार्बन डायऑक्साइड घेते, म्हणून तुर्भ्याच्या वीजकेंद्राचा किंवा माहुलच्या चिमण्यांचा धूर तळ्यांत सोडावा अशी सूचना वारंवार होते. वरील ७० चौरस किलोमीटरची तळीसुद्धा दिवसाला अडीच हजार टन एवढाच वायू घेतील, तर ५०० मेगावॉटचा कोळशावर चालणारा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास वायू सोडतो. आणि रात्री वीजकेंद्र चालू असते तेव्हा शेवाळ तो घेतच नाही. शिवाय घेतलेला कार्बन इंधन जाळताच हवेत परत जातो. यात कार्बन जमिनीत पुरला जात नसून तो दोनदा वापरला जातो. हा फायदा खोटा नव्हे, पण शोषण या शब्दाने जेवढा वाटतो त्याच्या तो निम्मासुद्धा नाही.

तळ्याबाहेरच्या जीवसृष्टीचा विचार केल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षातील पिंड व अन्न कुजून पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरून वर येतात, हे अनेक वर्षी घडले आहे. पोषकद्रव्यांनी भरलेले तळे फुटून किंवा ओसंडून खाडीत गेले तर त्याचा परिणाम याच जातीचा, पण कितीतरी मोठा असेल. बाहेरून आणलेली जात निसटण्याचा धोकाही काल्पनिक नाही. लागवडीसाठी भारतात आणलेले काप्पाफायकस हे सागरी शैवाल मन्नारच्या आखातात प्रवाळांवर पसरल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. जागेसाठी वडाळा, कांजूर आणि मुलुंड येथील मिठागरांकडे बोट दाखवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यायला हवे की भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेण्याचे काम या सखल जमिनी आजही करतात. शिवडीच्या चिखलपट्ट्यावर १९९० च्या दशकापासून येणारे लहान रोहित पक्षी तर शैवालावरच जगतात, आणि शहराने खाडीत सोडलेल्या पोषकद्रव्यांवर ते शैवाल माजते. एकीकडे प्रदूषण आणि दुसरीकडे पक्ष्यांची गर्दी, अशी ही विचित्र जोडी आहे. शुद्धीकरण सुधारले तर रोहितांचे काय होईल याचा विचार शहराला पुढेमागे करावाच लागेल.

या साऱ्यातून निघणारा निर्णय मुंबईपुरता कठोर आहे. पेट्रोल-डिझेलला पर्याय म्हणून शेवाळाचे तेल पिकवणे येथे जमीन, पाऊस आणि ऊर्जा या तिन्ही कसोट्यांवर टिकत नाही, आणि विमानाच्या इंधनासारखा विजेने सहज न भागणारा वापर डोळ्यांसमोर ठेवला तरी ते तेल या बेटावर पिकणार नाही. शेवाळाचे खरे काम पाणी शुद्ध करण्याचे आहे व इंधन हे त्याचे दुय्यम उत्पन्न, आणि त्यासाठी योग्य जागा म्हणजे पाऊस कमी, ऊन कडक आणि गावाबाहेर पडीक जमीन असलेली मराठवाड्यातील व विदर्भातील लहान शहरे. पन्नास हजार वस्तीच्या नगरपालिकेचे मैलापाणी दिवसाला सुमारे ५० लाख लिटर धरले, तर वरील हिशोबानेच त्यासाठी १४ हेक्टर तळी पुरतात आणि त्यांतील सुमारे तीन टन शेवाळ कुजवून दिवसाला पाचशे ते सातशे घनमीटर मिथेन मिळू शकतो. उरलेला गाळ, त्यात जड धातू नाहीत याची तपासणी करून, जवळच्या शेतांना खत म्हणून देता येतो. एवढ्या वायूवर त्या शहरातील वाहने चालणार नाहीत. मैलापाणी उचलणारे पंप आणि तळी ढवळणारी यंत्रे मात्र बाहेरची वीज न घेता चालू शकतील.